येथे थाई जेवण मिळेल

मागच्या महिन्यात आमच्या आश्रमशाळेतले शिक्षक शनिवारी डहाणूला जेवायला गेले आणि मलाही सोबत घेऊन गेले. स्टेशनकडून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर, औषधाच्या दुकानाशेजारच्या गाळ्यात, ‘प्युअर व्हेज थाई-चायनीज’ निघालं आहे. आत एसी आहे. भिंतीवर सोनेरी बुद्ध आहे आणि त्याच्या बरोबर डोक्यावर टीव्ही. हिरवी करी म्हणून जे समोर आलं, ते पालक पनीरमधून पनीर काढून नारळ घातल्यासारखं होतं, आणि गोड होतं. सगळ्यांनी आधी त्याचे फोटो काढले. जेवण झाल्यावर वेटरने एक छापील कागद आणि पेन पुढे केलं. जेवण कसं वाटलं, असं त्यावर विचारलं होतं. मी लिहिलं, ‘छान.’

हा शब्द माझ्या हातून पाच वर्षांनी लिहिला गेला. मी मुलांना निबंधात तो लिहू देत नाही. कारण याच गाळ्यात, आता टीव्ही आहे साधारण तिथेच उभं राहून, एका बाईने तो माझ्या तोंडातून उपटून काढला होता.

तिचं नाव भानुमती. गावातले लोक भानुमावशी म्हणत, गुजराती गिऱ्हाइकं भानुबेन. धाकटी डहाणू या खाडीकाठच्या वस्तीतली, मासेमारी करणाऱ्या घरातली. उंची बेताची, पदर कमरेला खोचलेला, चष्म्याला मागून नायलॉनची दोरी. तिला एखादी गोष्ट आवडली नाही की वरच्या ओठाची डावी बाजू जरा वर जायची. ती बहुतेक वेळ वरच असायची. उजव्या बाजूला ओठ कसा दिसतो ते आम्हाला नीट माहीत होतं, डाव्या बाजूचा आम्ही अंदाज करत होतो.

तिच्या दुकानाला नाव नव्हतं. पाटी रंगवणाऱ्याने विचारलं, मावशी, नाव काय घालू? तेव्हा ती म्हणाली, “नाव कशाला? मी काय बारसं करतेय?” म्हणून पाटीवर एवढंच होतं: येथे थाई जेवण मिळेल. खाली वेळ. बारा ते तीन, सात ते नऊ. सहा टेबलं, प्लॅस्टिकची स्टुलं, एक पंखा. पंखा तिच्या बाजूला तोंड करून असायचा.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तो माझ्या नोकरीचा हुकूम हातात आला त्या दिवशी. मी उधव्याचा. आमच्या घरात भात आणि नागलीच्या पलीकडे कुणी काही पिकवलं नाही आणि माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नाही. डहाणूच्या कॉलेजात बी.ए. केलं, मग बी.एड., मग तलासरी तालुक्यात आश्रमशाळेवर नेमणूक. त्या दिवशी मला असं काहीतरी खायचं होतं जे आमच्या घरात कुणी खाल्लं नसेल. पाटी वाचून मी आत शिरलो.

तिने कच्च्या पपईचा कीस, मिरच्या, लिंबू, गूळ, दाणे, वाळलेली कोळंबी एका उंच उखळीत घालून कांडलं आणि ताटलीत ओतलं. आमच्याकडे कच्ची पपई झाडावरून पडली तर कोंबड्या खातात. मी पहिला घास घेतला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. शिकलेल्या माणसाने स्वयंपाकिणीला दाद द्यावी, या विचाराने मी म्हणालो, “छान झालंय, मावशी.”

“काय छान झालंय?”

“म्हणजे… सगळंच.”

“सगळंच म्हणजे काहीच नाही. आंबट पुढं आहे का तिखट पुढं आहे? दाणा आधी कळतो का नंतर? काय करतोस तू?”

“शिक्षक झालोय. आजच.”

“मग झालं मुलांचं.” ओठ वर गेला. “पंधरा वर्षं शिकून छान. बकरीसुद्धा जास्त सांगते.”

मी तसा आभारी स्वभावाचा माणूस आहे. माझं शिक्षण दहा माणसांच्या उपकारांवर झालं आहे आणि प्रत्येकाला मी आजही वाकून नमस्कार करतो. या बाईचा मात्र मला आधी राग आला. पुढच्या शनिवारी मी पुन्हा गेलो ते तिला दोन शब्द ऐकवायला. ते शब्द तयार करण्यासाठी मला ते जेवण नीट खावं लागलं. तेव्हापासून दर शनिवारी जात राहिलो.

ती थाई स्वयंपाक कुठे शिकली हे डहाणूत सगळ्यांना माहीत होतं, कारण तिने ते कुणालाही सांगितलं नव्हतं. नवरा होडीवर गेला तो परत आला नाही. त्यानंतर गुजरातेतल्या एका जैन हिरेव्यापाऱ्याने तिला बँकॉकला घरच्या स्वयंपाकाला नेलं. नऊ वर्षं ती तिथे होती. दिवसभर वरच्या मजल्यावर कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, जमिनीखालचं काहीच नाही असा स्वयंपाक. आणि दुपारी तासभर सुट्टी मिळाली की खाली गल्लीत एका म्हातारीच्या हातगाडीपाशी. म्हातारीला हिंदी येत नव्हतं, हिला थाई येत नव्हतं.

“मग शिकलात कशा?” मी विचारलं होतं.

“मी कांडायची. ती चाखायची आणि तोंड वाकडं करायची. मी परत कांडायची. ज्या दिवशी तिने तोंड वाकडं केलं नाही त्या दिवशी पदार्थ झाला.”

मला वाटतं, तिचा सगळा स्वभाव या गाडीपाशी ठरला असावा. तिरस्कार ही तिची स्वयंपाकाची भाषा होती. म्हणूनच ती कधी कुणा गिऱ्हाइकाला कसं झालंय म्हणून विचारत नसे. “विचारायचं काय त्यात? मला माहीत आहे कसं झालंय. त्यांना माहीत नाही.”

डहाणूच्या लोकांना खरोखरच माहीत नव्हतं. पहिले सहा महिने जो यायचा तो मंचुरियन मागायचा. ती हाताने रस्त्याच्या पलीकडची गाडी दाखवायची. शनिवार-रविवारी मुंबईहून मोटारी घेऊन लोक येत. समुद्रावर वाळूत चार पावलं चालायची, चिकूची टोपली घ्यायची, परतीच्या वाटेवर जेवायचं असा त्यांचा कार्यक्रम. एक बाई फोन तिच्या तोंडापुढे धरून विचारत होती, हे ऑथेंटिक आहे का?

“मला काय माहीत?” भानुमावशी म्हणाली. “मी डहाणूची.”

एकदा वापीचा एक मोठा व्यापारी कुटुंब घेऊन आला. दोन घास खाल्ले आणि पाटावर बसलेल्या नवरदेवासारखा ताठ होऊन म्हणाला, “भानुबेन, आम्ही बँकॉकला खाल्लं तसं हे लागत नाही.”

“तिथं कुठं जेवलात, शेठ?”

“टूरबरोबर होतो ने. चार दिवस.”

“टूरबरोबर म्हणजे आचारी इथून नेला होता. ढोकळा, पुरी, बटाट्याची भाजी.”

शेठांनी ताटली पुढे ओढली. त्यांची सून खाली मान घालून हसली, एवढं मला दिसलं.

शाकाहारी लोक आले की तिची आणि त्यांची जुंपायची. तिच्या बहुतेक पदार्थांत मासळीचं पाणी असे. मांदेली आणि मीठ पिंपात थरांवर थर घालून वर दगड ठेवायचा, वर्षभर उन्हात ठेवायचं आणि खाली जो तांबूस रस सुटतो तो फडक्याने गाळायचा. धाकटी डहाणूला खाडीकाठच्या तिच्या घरामागे अशी तीन पिंपं होती. त्या वासाची शेजारणींनी तक्रार केली होती. “दिवसभर बोंबील वाळवतात, आणि यांना वास येतो,” असं सांगताना तिला फार आनंद व्हायचा.

हे पाणी वगळून करून द्या, असं कुणी म्हटलं की ती चक्क नाही म्हणायची. फसवून खायला घालणं तिला जमत नव्हतं आणि अर्धवट करून देणंही. एकदा तिने मला फळ्यावर पदार्थांची यादी लिहायला बसवलं, माझं अक्षर चांगलं म्हणून. शेवटी मी विचारलं, शाकाहारी म्हणून काय लिहू?

“लिही, भात.”

“नुसता भात?”

“बरं. भात आणि पाणी. ग्लासातलं.”

मी लिहिलं. तो फळा शेवटपर्यंत तसाच होता. लोकांना तो विनोद वाटायचा.

तिच्या शेल्फावर बांबूच्या कोंबांचे डबे असत, परदेशी, पत्र्याचे. एकदा मी धीर करून म्हणालो, मावशी, हे तर आमच्याकडे पावसाळ्यात डोंगरावर उगवतं. वास्ता म्हणतात. आई करते.

ती माझ्याकडे बघत राहिली. “मग इतके दिवस तोंडात काय धरून बसला होतास?”

खरं म्हणजे लाज धरून बसलो होतो. वास्त्याला एक आंबूस वास येतो. लहानपणी तलासरीच्या वसतिगृहात आईने डब्यात पाठवलेला वास्ता मी न उघडता फेकून दिला होता. हे मी तिला सांगितलं नाही. पुढच्या रविवारी उधव्याहून जीपने तलासरीला आणि तिथून एसटीने डहाणूला, पिशवीभर चिरलेला वास्ता मांडीवर घेऊन आलो. शेजारी बसलेल्या प्रवाशांनी खिडक्या उघडल्या.

भानुमावशीने एक तुकडा चावला. “जून आहे. आईला सांग, दोन दिवस आधी तोड.”

मी आईला सांगितलं. आई म्हणाली, “तिला म्हणावं, डोंगर चढून ये आणि तूच तोड.”

तेही मी पोचवलं. ही दोन बायकांची ओळख. त्या कधी भेटल्या नाहीत. दोघींमध्ये चार पावसाळे माझ्यामार्फत अशीच बोलणी चालू राहिली, आणि पत्र्याचे डबे शेल्फावरून गेले. मी एकदा त्याबद्दल तिचे आभार मानले. आमच्या घरची वस्तू एवढ्या लोकांनी खाल्ली, मला बरं वाटलं, असं काहीतरी बोललो.

“तू आभार फार मानतोस,” ती म्हणाली. “मान वाकडी होईल एक दिवस.”

ते ती उगाच म्हणाली नव्हती. गाळ्याचे मालक वसंतभाऊ अधूनमधून तिथे जेवायला येत. किनाऱ्यावरच्या जुन्या वाडीवाल्यांपैकी, दोनशे चिकूची झाडं, शिवाय गावात चार गाळे. माझ्या कॉलेजच्या कमिटीवर ते होते आणि माझ्या फीमाफीच्या अर्जावर तिन्ही वर्षं त्यांची सही होती. बोलायला गोड माणूस. कोळंबीची हिरवी करी ते वाटी तोंडाला लावून संपवत. ते आत आले की मी उभा राहायचो. ते हाताने बस म्हणत, म्हणून बसायचो. मग ते काही बोलले की पुन्हा उठायचो.

ते गेल्यावर भानुमावशी म्हणाली, “त्यांना बघून तू अर्धा उठतोस आणि अर्धा बसतोस. एक काहीतरी कर. स्टूल मोडेल माझं.”

दिवाळीनंतर एका दुपारी वसंतभाऊ आले ते आनंदात होते. मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलगा वापीचा, जैन घराणं, मोठा कारखाना. साखरपुडा इथे वाडीत करायचा होता. “भानू, जेवण तुझं,” ते म्हणाले. “व्याही दर वर्षी बँकॉकला जातात. आपल्याकडेही ते मिळतं हे दिसू दे त्यांना.”

“ते लोक आमच्यातलं खायचे नाहीत, भाऊ.”

“त्यांच्यासाठी वेगळं कर. चाळीस माणसांचं. त्यात ते पाणी नको.”

“मी तसं करत नाही. फळा वाचा.”

वसंतभाऊ हसले. “बघ बुवा. पुढच्या महिन्यात कराराचे अकरा महिने भरतात. माझा भाचा गाळा मागतोय. मी त्याला म्हटलं, भानू आहे तोवर विषय नको.”

ते हसतच निघून गेले. भानुमावशीने उखळी पालथी घातली आणि बराच वेळ पुसत राहिली. त्या गाळ्याशिवाय तिच्याकडे तीन पिंपांपलीकडे काही नव्हतं. रात्रीची गिऱ्हाइकं गेल्यावर ती मला म्हणाली, “दोन पाट्या लिहून आण. एक शाकाहारी, एक मासळी. मोठ्या अक्षरात. आणि आईला वास्ता मिठात घालून ठेवलेला असेल तर पाठव म्हणावं. तो मासळीच्या पातेल्यात. जैनांना कोवळा कोंब चालत नाही.”

नऊ वर्षांत त्या घराने तिला जे शिकवलं होतं त्यातलं ती काही विसरली नव्हती. शाकाहारी करीतून तिने आल्याच्या जातीची मुळी काढली, लसूण काढला, कांदा काढला. राहिला नारळ, मिरची, गवती चहा, आणि लिंबाच्या एका वेगळ्या झाडाचा पाला. ते झाड तिने बँकॉकहून रोप आणून पत्र्याच्या डब्यात वाढवलं होतं. साखरपुड्याच्या सकाळी वाडीत, चिकूखाली लावलेल्या दोन चुलींवर दोन पातेली चढली. पातेल्यांपुढे माझ्या पाट्या. ती शाकाहारी चाखायची आणि मीठ घालायची, चाखायची आणि मिरची घालायची. शेवटी म्हणाली, “फिकं आहे. पण खोटं नाही.”

वसंतभाऊ नव्या सदऱ्यात चाखायला आले. आधी मासळीचं चाखलं, डोळे मिटले. मग शाकाहारी चाखलं आणि चेहरा पडला.

“भानू, यात ती गंमत नाही.”

“गंमत तिकडच्या पातेल्यात आहे.”

“एक पळी टाक ग. कुणाला कळतंय?”

“मासळी आहे ती, भाऊ.”

“मासळी कुठे? पाणी आहे. काटा आहे का त्यात, खवला आहे का?”

आता हे हसण्यासारखं वाटतं, पण वसंतभाऊ मनापासून बोलत होते. किनाऱ्यावरच्या माणसाच्या मनात मासळी म्हणजे ताटात दिसते ती. चार दाणे सुकट घातलेल्या वांग्याला आमच्याकडच्या कितीतरी घरांत वांग्याची भाजीच म्हणतात. दुसऱ्याचा धर्म बुडवावा असं त्यांच्या मनात अजिबात नव्हतं. त्यांना फक्त जेवण चविष्ट व्हायला हवं होतं.

“टाका,” भानुमावशी म्हणाली. “मग मी मांडवाच्या दाराशी उभी राहते आणि एकेकाला सांगते.”

ते हात झाडून गेले. थोड्या वेळाने ती पानं धुवायला विहिरीवर गेली. मी चुलींपाशी होतो. वसंतभाऊ परत आले. त्यांनी मला बघितलं, ओठांवर बोट ठेवलं, आणि मासळीच्या चुलीमागे ठेवलेली त्या पाण्याची बाटली उचलून शाकाहारी पातेल्यात दोन वेळा उपडी केली. वर पळीने ढवळलं. माझी पाटी त्यांच्या गुडघ्याला लागून पडली, ती त्यांनी नीट उभी केली. मला खांद्यावर थोपटून ते गेले.

मी अर्धा उठलो होतो. अर्धा तसाच होतो.

भानुमावशी पानं घेऊन आली आणि सहा-सात पावलांवर थांबली. तिला चाखावंही लागलं नाही.

“कोण आलं होतं?”

मी पाटीकडे बघत राहिलो.

“तू इथंच होतास?”

“हो.”

“बरं.” तिने पानं खाली ठेवली, पदराने पातेल्याचा एक कान धरला. “धर त्या बाजूनं.”

चाळीस माणसांची करी आम्ही दोघांनी चिकूच्या आळ्यात ओतली. हिरवं पाणी मातीत मुरायला वेळ लागला. वाढपी धावत आले, मागून वसंतभाऊ, त्यांच्यामागून व्याही आणि विहीणबाई. सगळे एकदम विचारत होते, काय झालं?

मला वाटलं, आता ती सांगणार. तिचा ओठ वर गेलेला होता. वसंतभाऊंचा चेहरा पातेल्यासारखा रिकामा झाला होता. त्यांच्यामागे मुलगी येऊन उभी होती, मेंदीचे हात अंगापासून दूर धरलेले.

“बुडाला लागलं,” भानुमावशी म्हणाली. “लक्ष नव्हतं माझं. मूगडाळ आहे का घरात? आणि तांदूळ. तूप लागेल.”

विहीणबाई आपल्या बहिणीला म्हणाल्या, “वसंतभाई तो केटलां वखाण करता हता.” एवढी स्तुती ऐकली ती हीच का, असा सूर. हळू म्हणाल्या, पण भानुमावशीला गुजराती माझ्याहून चांगलं येत होतं.

तिने पाऊण तासात नव्या पातेल्यात खिचडी केली, सुंठ घालून कढी केली, कैरीचा सुका मसाला घातलेली काकडी केली. नऊ वर्षांचा हात होता. वापीचे लोक दोन-दोनदा मागून जेवले. जाताना विहीणबाई चुलीपाशी येऊन म्हणाल्या, “थाई तो रही गयुं, पण खिचडी बहु सरस. आपणा घर जेवी.” त्या दिवशी तिला कुणी लागेल असं बोललं असेल तर ते हेच, आपल्या घरच्यासारखी. जळाल्याचा आरोप तिने स्वतःवर घेतला होता. खिचडीची स्तुती तिला ऐकून घ्यावी लागली.

भांडी घासताना मी म्हणालो, “का नाही सांगितलंत?”

“चाळीस माणसं मांडवात ओकत बसली असती. धुवायला कोण, तू?”

“तरी पण.”

“तू सांग ना मग. तू तर बघितलं होतंस.”

मी घासत राहिलो.

“मग मला शिकवू नको,” ती म्हणाली. “ते बुड नीट घास.”

महिनाभराने करार वाढला नाही. वसंतभाऊ स्वतः आले नाहीत, भाच्याला पाठवलं. त्याच्या हातात मोजायची टेप होती. मला वाटायचं, वसंतभाऊंना तिचे उपकार वाटत असतील. आता कळतं की तेच त्यांना सहन झालं नसावं. ज्या बाईला आपलं काय ते माहीत आहे तिच्या हातची वाटी तोंडाला कशी लावणार? त्यांच्याबद्दल माझ्या मनात आता काही आदर उरलेला नाही. तरी परवा ते बाजारात दिसले तेव्हा माझा हात आपोआप नमस्काराला गेला. अर्ध्यावर थांबवला. ते बघून हसले.

तिने पाटी काढून धाकटी डहाणूला नेली. तिथे ती पिंपावर झाकण म्हणून ठेवली आहे असं ऐकलं. आईने पुढच्या पावसाळ्यात वास्ता तोडला आणि विचारलं, “तुझ्या त्या बाईला नाही न्यायचा?” मी म्हटलं, दुकान बंद झालं. आई म्हणाली, “जून जून म्हणून बंद झालं असेल.” आणि टोपलीतले जून कोंब निवडून बाजूला टाकू लागली.

मला ती शेवटची दिसली ती तलासरी नाक्यावर. सकाळी शाळेत जायला मी रिक्षाची वाट बघत होतो. हायवेच्या पलीकडच्या थांब्यावर, गुजरातकडे जाणाऱ्या गाड्या थांबतात तिथे, ती एका पिशवीवर बसली होती. मी रस्ता ओलांडून गेलो.

“कुठे निघालात, मावशी?”

“वापीला. खिचडी करायला.”

विहीणबाईंनी निरोप पाठवून तिला बोलावून घेतलं होतं. राहायला खोली, दोन वेळचं जेवण, महिन्याला पगार. वसंतभाऊंची मुलगी आता त्याच घरात सून होती.

“आणि पिंपं?”

“ओतली खाडीत. माशांचं माशांत.” तिने पिशवीतून फडकं गुंडाळलेली बाटली काढली. “ही तेवढी राहिली. आईला दे. वास्त्यात चमचाभर घालू दे. आणि सांग, जून कोंबाला याचाही उपाय नाही.”

मी बाटली घेतली. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून शब्द शोधत होतो. तेवढ्यात तिने दोन्ही हात माझ्या नाकापुढे धरले.

“वास येतो का बघ.”

चार वर्षांत तिने मला, किंवा माझ्यासमोर कुणालाही, कसं वाटतं म्हणून विचारलेलं ते पहिलंच. मी पटकन म्हणालो, “नाही. अजिबात नाही.”

ओठ वर गेला. “अजून तसाच आहेस.” ती उठली, चहावाल्याच्या टपरीपाशी गेली, पिळून टाकलेल्या लिंबाच्या दोन फोडी मागून घेतल्या आणि नळाखाली हात चोळू लागली. तळवे, मग बोटांच्या बेचक्या, मग नखं एकेक करून. परत येऊन ओले हात पुन्हा पुढे धरले.

या वेळी मी नीट वास घेतला.

“येतो,” मी म्हणालो. “लिंबाचा आधी येतो. मग मिठाचा. त्याच्यामागून उन्हात तापलेल्या होडीच्या फळीसारखा. तो अगदी शेवटी येतो, पण येतो.”

“हं,” ती म्हणाली, आणि पुन्हा नळाकडे गेली.

गाडी आली तेव्हा ती दुसऱ्यांदा हात धूत होती. कंडक्टर वापी-वापी ओरडत होता. तिने पिशवी कोपराला अडकवली, ओले हात साडीला लागू नयेत म्हणून अंगापासून दूर धरले आणि तशीच, दांडा न पकडता, पायऱ्या चढली. आत कुणाला तरी म्हणाली, “सरका. दोन जागा कशाला लागतात एका माणसाला?” मग खिडकीपाशी दिसली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. दोन्ही हात खिडकीबाहेर काढले, बोटं फाकवली आणि वाऱ्याला धरली. गाडी हायवेला लागून दिसेनाशी होईपर्यंत ते हात तसेच बाहेर होते.